चार नंबरचा बोअर

कॅम्प, ६ जानेवारी

प्रिय मामा,

फोन करत नाही म्हणून रागावू नकोस. इथून पंचवीस किलोमीटर खाली उतरल्यावर रेंज मिळते, आणि मिळाली तरी तू पलीकडून ‘कोण? काय? मोठ्याने बोल’ एवढंच म्हणणार. तीस वर्षं ड्रिलिंग मशीनला चिकटून उभा राहिलास आणि कान त्या मशीनला देऊन बसलास, त्याला मी काय करू? दर मंगळवारी किराण्याची गाडी येते, तिच्याबरोबर टपाल जातं. म्हणून पत्र.

आता बस, आणि मग पुढे वाच. मी बाबांच्या डोंगरावर आहे. होय, तोच. एकतीस वर्षांपूर्वी ज्याच्या पोटात लोखंडाचं खनिज आहे असं बाबांनी छातीठोकपणे सांगितलं, तू त्यांच्यासाठी चार बोअर मारलेस, चारही रिकामे निघाले आणि बाबा नोकरी सोडून शाळेत विज्ञान शिकवायला लागले, तोच डोंगर. आमच्या कंपनीने तो पुन्हा तपासायला घेतला आणि मी हात वर करून म्हटलं, मी जाते. आईला यातलं काही माहीत नाही. तू वरच्या मजल्यावर जाऊन पचकू नकोस.

काम तुला ठाऊक आहेच. पाठीवर मॅग्नेटोमीटर, हातात लांब काठी. सरळ रेषेत चालायचं, दर दहा मीटरवर थांबून आकडा लिहायचा. पोटात लोखंड असेल तिथे आकडा फुगतो. इथला स्वयंपाकी सगळ्यांना सांगतो की बाई डोंगराची नाडी बघतात. अंगावर लोखंडाचा कणही चालत नाही, म्हणून केसांतल्या पिना, चाव्या आणि बाबांचा तो दोरीला बांधलेला छोटा चुंबक रोज सकाळी त्याच्या डब्यात जमा करते. बक्कलचा पट्टा चालत नाही, मग पँटला नाडी. मोठे साहेब पहिल्याच दिवशी म्हणाले, तुम्ही सर्वेक्षणाला निघालात की झोपायला?

हसू नकोस, कारण पुढचं हसण्यासारखं नाही. कंपनीने तीन बोअर मंजूर केले होते. जुने चार तुमचे, म्हणून आमचे पाच, सहा आणि सात. पाच आणि सहा मोठ्या साहेबांनी त्यांच्या अंदाजाने घेतले. रिकामे. सात नंबरची जागा मी दाखवायची आहे. तो रिकामा गेला की कॅम्प गुंडाळायचा, आणि डोंगराची फाइल कायमची बंद. साहेब स्पष्टच म्हणाले, ‘वडिलांचा डोंगर म्हणून वाहवत जाऊ नका.’ त्यांना हे कोणी सांगितलं देव जाणे.

नकाशाची पातळ कागदावर नक्कल पाठवते आहे. दोन जागा बघ. वरच्या अंगाला, तुमच्या चार नंबरच्या सिमेंटच्या ठोकळ्याभोवती, आकडे रुंद पसरून हळूहळू वर येतात. पोटात खूप खोलवर काहीतरी आहे असं वाटतं. आणि तिथून सत्तरेक पावलं खाली, दुभंगलेल्या खडकाच्या पायथ्याशी, आकडा एकदम आभाळाला भिडतो. दहा मीटर अलीकडे शांत, दहा मीटर पलीकडे शांत, मध्ये वेडापिसा. मला वाटतं खालचं खनिज तिथे जमिनीजवळ आलं असावं. तुझं काय मत? डोळे तुझे शाबूत आहेत, नीट बघून सांग.

तुझी
भिंगरी


११ जानेवारी

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं, नकाशाही मिळाला. तू तिथे जाण्याआधी मला विचारायला हवं होतंस. असो. आता गेलीस ती गेलीस.

खालची जागा सोडून दे. तो खनिजाचा आकडा नव्हे. वीज पडलेला दगड असतो ना, तो असाच चेकाळलेला आकडा दाखवतो. मी असे दोन पाहिलेत. त्याच्या नादाला लागून एक पोरगा तोंडघशी पडलेला पाहिला आहे. तू बोअर वर घे, ठोकळ्याजवळ. आणि अडीचशे मीटरच्या आत थांबू नको.

मी अडाणी माणूस, मला तुमचे आलेख कळत नाहीत, पण एवढं ऐक.

भाऊजींची वही तुझ्याकडे असते ना अजून? त्यात चार नंबरबद्दल काय लिहिलंय ते मला जसंच्या तसं कळव. उगीच आपलं कुतूहल.

ताई बरी आहे. गुडघा दुखतो म्हणते, पण जिना दिवसातून चारदा उतरते आणि माझ्याच डोक्यावर येऊन बसते. मी तिला काही बोललो नाही.

स्वेटर घालत जा.

मामा


कॅम्प, २० जानेवारी

प्रिय मामा,

तुझं पत्र वाचून माझं डोकंच फिरलं. एरवी चहात साखर किती यावर अर्धा तास बोलणारा माणूस, आणि इथे चार ओळींत निकाल लावून मोकळा!

विजेचं तू म्हणालास ते मी तपासलं. त्या जागेवर आडव्याउभ्या आणखी रेषा घेतल्या, आता दर दोन मीटरवर. वीज पडलेल्या दगडांचे आकडे वेडेवाकडे विस्कटलेले असतात. हा तसा नाही. चहूबाजूंनी सारखा चढतो, सारखा उतरतो, अगदी एकाच बिंदूपाशी. इतका नेटका की माझ्याच मनात पाल चुकचुकते, खोटं कशाला बोलू. पण मोठ्या साहेबांना तो फार आवडलाय. उथळ खनिज, चाळीस मीटरमध्ये हाती. त्यांनी कागदावर सही केली.

आणि तू सांगतोस ठोकळ्याजवळ घे? मामा, तिथे तूच तर बोअर मारला होतास! दोनशे चाळीस मीटर, आणि नुसता करडा दगड. तेच भोक मी पुन्हा मारायचं? हे साहेबांना सांगितलं असतं तर त्यांनी मला त्याच मंगळवारच्या गाडीत बसवून दिलं असतं. मलाही त्या रुंद फुगवट्याचं कोडं सुटत नाही. आकडे म्हणतात खाली आहे. तुझा बोअर म्हणतो नाही. माणसाने कोणाचं ऐकायचं?

वहीतलं विचारलंस. त्या पानावर एवढंच आहे: ‘चार नंबर. २४० मी. काही नाही. माझी चूक.’ आणि त्याच्या वर, त्याच पानावर, दुसऱ्या शाईने: ‘मुलगी. पावणेतीन किलो. दोघी सुखरूप.’ ते पान मी लहानपणापासून किती वेळा वाचलं असेल. बाबा शेवटपर्यंत म्हणत राहिले की डोंगराने बरोबर सांगितलं होतं, वाचायला मीच चुकलो. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यातही मला विचारत होते की कुठे चुकलं असेल गं? तुझ्यापाशी लपवून काय करू, मी ही नोकरी धरली ती त्या एका प्रश्नासाठी.

तर सोमवारी, दोन फेब्रुवारीला, सात नंबर सुरू होतोय, दुभंगलेल्या खडकाखाली. मशीन चढवायलाच आठ दिवस लागणार. ड्रिलर कोण आहे माहीत आहे? तुझा चेला! पैलवान. हडकुळा आहे, म्हणून पैलवान. तुझं नाव निघालं की कानाच्या पाळीला हात लावतो. पहिला रॉड फिरायला लागला की त्यावर हलकेच तळवा टेकून डोळे मिटतो. म्हणतो, ‘उस्तादांनी शिकवलं, कान जातात, हात राहतो.’

एकदाच मला साथ दे. एवढंच लिही की पोरी, कर, चांगलं होईल.

भिंगरी


२४ जानेवारी, शनिवार

भिंगरे,

तिथे बोअर घेऊ नको. पैलवानाला रॉडवर हात ठेवू देऊ नको. हे पत्र हातात पडेल तेव्हा मशीन चालू असेल तर तशीच धावत जा आणि बंद कर, मग पुढचं वाच.

तुझं पत्र आज सकाळी आलं. लगेच सूनबाईकडून तुमच्या शहरातल्या ऑफिसात फोन करवला. तिथला माणूस म्हणाला, डोंगरावर आमचाही निरोप गाडीबरोबरच जातो, तुमचं पत्र काय आणि आमचा निरोप काय, एकाच गाडीने जाणार. येत्या मंगळवारची गाडी मिळाली तर वेळेवर पोहोचेल. नाही मिळाली तर मी काय करू, मला सुचत नाही. माझी पाचावर धारण बसली आहे.

तिथे खनिज नाही. तिथे माझे रॉड आहेत. एकशे दहा मीटर पोलादी रॉड, उभेच्या उभे, जमिनीखाली. वर दोन हात माती आणि दगड मीच टाकलेत. तुझं यंत्र त्यांनाच बघतंय.

आता सुरुवातीपासून सांगतो. बोललो असतो तर अडखळलो असतो, लिहायला बरं.

भाऊजींनी चार नंबरची खुंटी वर ठोकली, आता ठोकळा आहे तिथे. त्याच दुपारी निरोप आला की ताईचे दिवस भरले, आता कधीही सुटका होईल. ते निघाले. जाताना मला म्हणाले, ‘तू आहेस, मला काळजी नाही.’ मशीन काही त्या खुंटीपर्यंत चढेना. दोन दिवस झटलो, मग कंटाळून सत्तर पावलं खाली सपाटीवर लावली. म्हटलं, आल्यावर सांगू, एवढ्याने काय होतंय.

चार दिवसांत एकशे दहा मीटर गेलो. पाचव्या दिवशी सकाळी खालून माणूस ओरडत आला, मुलगी झाली. मी आनंदाने येडा झालो. पंप बंद केला आणि तसाच खाली पळालो. सगळ्यांना चहा पाजला, नाचलो, दोन तास गेले. पंप बंद करायच्या आधी रॉड वर उचलायचे, हा धंद्यातला पहिला धडा आहे. मी पोरांना तोच पहिला शिकवायचो. मी उचलले नव्हते. पाणी थांबलं, भोकातला सगळा चुरा खाली बसला आणि त्याने रॉड धरून ठेवले. वर गेलो तर ते हलेनात.

तीन दिवस जॅक लावून ओढत होतो. तिसऱ्या दिवशी साखळी निसटली. माझी दोन बोटं तेव्हा गेली, तुम्हा पोरांना मगरीची गोष्ट सांगायचो ती खोटी. त्याआधी त्या वर्षात दोनदा माझ्या हातून रॉड गेले होते आणि तेव्हाच्या साहेबांनी बजावलं होतं की तिसऱ्यांदा गेले तर घरी बसायचं. मी घाबरलो. दोन हात खणून तिथे रॉड कापले, वर माती ओढली आणि हाताखालच्या पोरांना गप्प बसायची शपथ घातली.

शेडमध्ये तीन नंबरच्या बोअरमधून निघालेल्या दगडाच्या कांड्यांच्या पेट्या होत्या. भाऊजींनी तपासून, लिहून बाजूला ठेवलेल्या. लिहून झालेल्या पेट्या कोणी पुन्हा उघडत नाही. जुने आकडे पुसले, नवे घातले, दोनशे चाळीस मीटरपर्यंत भरून टाकलं. आणि खुंटीच्या जागी सिमेंटचा ठोकळा बसवून त्यावर चार लिहिलं. त्या ठोकळ्याखाली बोअर नाही. कधीच नव्हता.

भाऊजी तुझ्या जन्मानंतर नऊ दिवसांनी आले. डोळे झोपेने जड, खिशात तुझ्या जावळाची पुडी. पेट्या बघताना एक कांडी हातात घेऊन म्हणाले, ‘तीन नंबरसारखंच निघालं की रे.’ मी होय म्हणालो. तेवढा एकच शब्द.

मला वाटलं होतं डोंगर रिकामाच आहे, एका बोअरने काय फरक पडतो. मग ते नोकरी सोडून घरी बसले. मग शाळा. दर वर्षी म्हणायचो, या वर्षी सांगतो. तुला मांडीवर घेतली की वाटायचं आत्ता सांगावं, आणि तुला मांडीवर घेतली म्हणूनच सांगता यायचं नाही. ते गेले तेव्हा मला हायसं वाटलं. हे लिहिताना माझीच मला किळस येते, पण ते खरं आहे. मागच्या पत्रातही विजेची थाप मारली. शेवटच्या घटकेपर्यंत खोटंच बोलायचं माझ्या नशिबात होतं बहुतेक.

पैलवानाचा हात जपा. डोक्याला हिरे बसवलेलं पातं उभ्या पोलादावर चढलं की रॉड झटका देऊन फिरतो. मनगटच पिरगाळतो.

हे पत्र तुझ्या साहेबांना दाखव. त्याशिवाय ते तुला वर बोअर घेऊ देणार नाहीत. कागदाच्या मागे पूर्ण सही केली आहे, तारीख घातली आहे, ड्रिलरचा जुना परवाना क्रमांकही लिहिला आहे. माझं काय होईल याचा विचार करू नको. ताईला मी स्वतः सांगणार आहे.

मामा


८ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

दोन तारीख होऊन सहा दिवस झाले. तुझं पत्र नाही. ऑफिसातला माणूस फोन उचलत नाही. सूनबाई म्हणते, काही झालं असतं तर कळलं असतं. मला तेवढं पुरत नाही.

शिव्या लिही हवं तर. पण पैलवानाचा हात धड आहे एवढं कळव.

मामा


कॅम्प, १० फेब्रुवारी

मामा,

तुमचं चोवीस तारखेचं पत्र सत्तावीसच्या गाडीला मिळालं नाही. ते तीन तारखेला आलं. दोन तारखेला सकाळी साडेआठला मशीन सुरू झालं होतं.

पैलवानाने रॉडवर तळवा टेकला होता. मी चार पावलांवर उभी होते. मीटरभर जेमतेम झाला असेल, त्याने डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं. परत येणाऱ्या पाण्यात चकचकीत कीस होता. दगडाचा कीस तसा नसतो. तो ‘बंद करा’ असं ओरडला, आणि तेवढ्यात रॉडने झटका दिला. त्याचं मनगट मुरगळलं. मोडलं नाही. हात तेवढा अलगद टेकलेला होता म्हणून वाचला. तेही तुमचंच शिक्षण, तो म्हणतो. 

मशीन मागे घेऊन आम्ही फावड्याने खणलं. दोन हातांवर कापलेला रॉड निघाला. त्याच्या जोडावर छिन्नीने ठोकलेले तीन ठिपके होते. पैलवानाने ते बोटाने चाचपले आणि खड्ड्यात तसाच उकिडवा बसून राहिला. शेवटी म्हणाला, ‘बाई, ही उस्तादांची खूण आहे. आमच्या रॉडवर पण तेच ठोकायचे.’ माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मग मी ठोकळ्यापर्यंत चढले आणि पहारीने तो उचकटला. खाली लाल माती. मुंग्या. त्यावर बसून मी रडले, आणि खाली सगळी माणसं मला काय झालं असेल याचा अंदाज करत उभी होती.

म्हणजे मला आधीच कळलं होतं. तुमचं पत्र दुसऱ्या दिवशी आलं. फोडावंसंच वाटत नव्हतं. उशिरा कबुली देणाऱ्या माणसाचं पत्र वाचून काय करायचं? मग वर तारीख दिसली, चोवीस जानेवारी. खड्डा दोन फेब्रुवारीचा. कोणी पकडण्याआधी तुम्ही लिहिलं होतंत. त्या नऊ दिवसांसाठी मी हे पत्र लिहिते आहे, नाहीतर लिहिलं नसतं.

साहेबांना पत्र दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं. ‘हे तुमचे कोण?’ असं विचारलं. मी म्हटलं, सख्खा मामा. बराच वेळ ते चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, सात नंबर मीटरभरच झालाय, तो धरायचा नाही. ठोकळ्याच्या जागी घ्या, पण अडीचशेवर एक वीतभरही मिळणार नाही. उद्या मशीन वर चढेल. या वेळी सुरुंग लावून वाट केली आहे. तेव्हाही करता आली असती, नाही का?

खाली काही लागेल की नाही मला माहीत नाही. लागलं तरी बाबांना सांगता येणार नाही. तुम्हाला कल्पना आहे का मामा, माणूस एकवीस वर्षं शाळेतल्या मुलांना विज्ञान शिकवतो आणि रोज मनात म्हणतो की मला दगड वाचता येत नाहीत?

सोबत बाबांची वही पाठवते आहे. ते पान उघडा आणि त्याखाली खरं काय ते तुमच्या हाताने लिहा. खनिज लागण्याची वाट बघू नका. लागो न लागो, आत्ता लिहा, आणि वही परत पाठवा.

पैलवान बरा आहे. पट्टी बांधून काम करतो.


१६ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

वही मिळाली. पैलवानाचा हात वाचला हे वाचून जिवात जीव आला.

तू मला तुम्ही म्हणालीस. बरोबर आहे. तक्रार नाही.

ताईला सांगितलं. वही येण्याच्या दोन दिवस आधीच. ती भाजी निवडत होती. मी सगळं बोललो, तिने हात थांबवला नाही. भाजी संपली तरी ती देठ निवडत राहिली. मग उठून वर गेली. तीन दिवस जिना उतरली नाही. सूनबाई ताट घेऊन जायची, ताट तसंच परत यायचं. काल खाली आली. माझ्यासमोर बसली आणि फक्त एवढं म्हणाली, ‘त्यांना झोप लागायची नाही रे. मी त्यांना रागवायचे, पुरे झालं ते दगडपुराण म्हणून.’ मग माझा हात हातात घेऊन त्या दोन बोटांच्या खुंटांकडे बघत राहिली. माफ केलं असं म्हणाली नाही. मीही विचारलं नाही.

वहीत लिहिलं आहे. तीनदा कच्चं लिहून मग उतरवलं, अक्षर तरी बरं यावं म्हणून. ‘माझी चूक’ या भाऊजींच्या शब्दांवर काट मारायचा विचार होता, पण त्यांच्या अक्षरावर माझा पेन चालेना. ते तू कर.

आता तुझा बोअर कुठवर आला ते मी विचारत नाही. तो अधिकार मला नाही. पण रोज सकाळी उठलो की मनात मीटर मोजतो. सवय जात नाही.

मामा


कॅम्प, ३ मार्च

प्रिय मामा,

वही आली. पान वाचलं. तू लिहिलंस: ‘चार नंबर खुंटीवर घेतलाच नाही. सत्तर पावलं खाली, ११० मीटर, रॉड अडकले. पुढच्या पेट्या खोट्या. भाऊजींचं वाचन बरोबर होतं की नाही हे कोणी तपासलंच नाही. चूक माझी, त्यांची नव्हे.’ आणि खाली सही. तू कधी इतकं नीट लिहिलं नव्हतंस.

बाबांच्या शब्दांवर काट मी मारली. हलक्या हाताने, खालचं अक्षर दिसेल अशी.

एकशे दहा मीटर ओलांडले त्या दिवशी पैलवान माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. दोनशेपर्यंत करडा दगड. दोनशे दहा, करडा. साहेब कागदपत्रं आवरायला लागले. दोनशे वीसला मी स्वयंपाक्याला सांगितलं की किराणा पुढच्या आठवड्याचा मागवू नका. मला जेवण जात नव्हतं, झोप नव्हती, कोणी काही विचारलं तर अंगावर जायचे. दोनशे एकवीस मीटरला पैलवानाने तळव्याने काहीतरी ऐकलं आणि नुसता एक डोळा उघडला.

कांडी बाहेर आली ती काळी आणि इतकी जड की पोरांनी ती दोन हातांनी धरली. स्वयंपाक्याच्या डब्यातून बाबांचा चुंबक आणवला. दोरी धरून जवळ नेला. हातभर असतानाच तो ओढला गेला आणि टक् करून चिकटला. मोठे साहेब टोपी काढून उभे राहिले. दोनशे अठ्ठेचाळीसपर्यंत तसंच काळं निघालं. आणखी बारा बोअर मंजूर झाले.

बाबा बरोबर होते, मामा. त्यांच्या खुंटीच्या जागेत दहा मीटरचाही फरक नव्हता. मला हे ओरडून सांगायचं होतं आणि सांगायला माणूस नव्हता, म्हणून खाली उतरून आईला फोन केला. तिने मला दोनशे एकवीस हा आकडा दोनदा म्हणायला लावला. मग म्हणाली, ‘तुझ्या मामाला मी सांगते, त्याला फोनवर ऐकू येत नाही.’ तिने तुला सांगितलंच असेल.

माझा राग गेलेला नाही, आणि जाईल की नाही मला माहीत नाही. पण गेले तीन आठवडे या डोंगरावर मला सगळ्यात जास्त कोणाशी बोलावंसं वाटलं, तर तुझ्याशीच. त्याचाही राग येतो. तू इथे ये. गाडी मंगळवारी निघते. पैलवान म्हणतो, उस्तादांना रॉडवर हात ठेवायला जागा करतो. आल्यावर आपण तुझे एकशे दहा मीटर बाहेर काढू, जॅक आता चांगले मिळतात, आणि बोटं सांभाळायला मी आहे.

आणि एक. नियमाने हा सात नंबर. पेटीवर रंगाने सात लिहायला पोरगा आला होता. मी ब्रश त्याच्या हातातून घेतला आणि चार लिहिलं. खाली बाबांचं नाव, आणि त्याखाली: खोली २४८ मीटर, पूर्ण.

तुझी
भिंगरी